बुटांची टोपडी

आमच्या घरात राजे, बादशहा, फिरंगी साहेब, पोस्टमन आणि खाष्ट सासू हे सगळे एकाच बांबूवर शेजारी शेजारी टांगलेले असत. आमचा ड्रेपरीचा धंदा होता. म्हणजे नाटकांना आणि शाळांच्या गॅदरिंगना कपडे भाड्याने द्यायचे. पुढची खोली दुकान, मधली खोली ट्रंकांची आणि आमची, मागे स्वयंपाकघर. माळ्यावर लाकडी तलवारी आणि ढाली. रात्री मांजर माळ्यावरून उडी मारायचं तेव्हा लढाई सुरू झाल्यासारखा आवाज व्हायचा आणि कुणीही कूस बदलायचं नाही. कोल्हापुरातल्या माणसाला नाटकाचं वेड भारी. कपडा बसतो का बघायला आलेला माणूस अंगरखा चढवला की गप्प उभा राहूच शकत नसे. तो आरशासमोर छाती काढायचा आणि एक तरी वाक्य ठोकायचा. "कैद करा याला!" असं दिवसभरात किती जण म्हणत, आणि समोरच्या किराणा दुकानातला माणूस तिकडून ओरडायचा, "आधी उधारी द्या म्हणावं, मग कैद करा!" शेजारपाजारच्या मुलांची बाराखडी शिकून व्हायच्या आधी दरबारातली भाषा पाठ झालेली असे.

मुलगी म्हणते, आई, लिहितेस तर तारखा घाल. मला तारखा आठवत नाहीत. कुठल्या हंगामात कुठल्या रंगाची मखमल आणली होती ते विचारा, सांगते. आमचं वर्ष दोन तुकड्यांचं होतं, गॅदरिंगचा हंगाम आणि गावोगावच्या जत्रांचा हंगाम. या दोन्हींत घरात धड स्वयंपाक होत नसे. आई सकाळीच मोठ्या पातेल्यात भडंग करून ठेवायची, लसूण आणि शेंगदाणे भरपूर घालून, आणि येणाराजाणारा मूठमूठ खायचा. दुपारी भाकरी, खर्डा आणि दही. आबा, म्हणजे माझे वडील, भाकरी खाता खाता इस्त्री करत, कोळशाच्या इस्त्रीचा वास आणि खर्ड्याचा ठसका एकत्र नाकात जायचा. आईच्या शिलाई मशीनची खटाखट चालू असे ती दिवे लागेपर्यंत. मशीन थांबलं की आम्हाला उलट काहीतरी बिघडल्यासारखं वाटायचं.

आता मुद्द्याचं सांगते. अंगरखा सैल झाला तर पिना मारता येतात. टोप मोठा झाला तर आत कागद कोंबता येतो. मिशी तर कुठल्याही ओठाला चिकटते. पण पाय हा प्रकार हट्टी. कुणाचा लांब, कुणाचा रुंद, कुणाचा अंगठा बाहेर पळणारा. सगळ्या मापांचे बूट, मोजड्या, चढाव भाड्याला ठेवायचे म्हटलं तर घरातून आम्हालाच बाहेर पडावं लागलं असतं. म्हणून त्या काळी सगळेच ड्रेपरीवाले पायांपुढे हात टेकत, आणि रंगमंचावर भरजरी पोशाखातला राजा खाली निळ्या पट्ट्यांची रबरी स्लिपर फटफटवत सिंहासनाकडे जाई. आईच्या डोळ्यांत ही स्लिपर फार सलत असे. एकदा तिने लहान बाळाला घालतात तसलं टोपडं शिवायला घेतलं, शेजारच्या बारशासाठी. ते आडवं पडलं होतं, त्यात माझी स्लिपर होती, कशी गेली कोण जाणे. आई बघत राहिली. बारशाला ते टोपडं गेलं नाही. बाळाला विकतचं घेतलं.

तिथून आमच्याकडे 'बुटांची टोपडी' सुरू झाली. माणसाने आपल्या मापाची आपलीच साधी चप्पल घालायची आणि तिच्यावर टोपडं चढवायचं. वर मखमल किंवा साटीन, तळाला जाड मांजरपाट, काठाला इलॅस्टिक, घोट्यापाशी बांधायला बंद. पुढचं टोक वळवायला मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा. कडेला जुन्या साड्यांची जर. कापडाची ददात नव्हती, कारण माझा मामा कबनूरला मागावर कामाला होता आणि येताना कडांच्या पट्ट्या, तुकडे, डाग पडलेलं कापड पिशवी भरभरून आणायचा. साहेबाच्या बुटासाठी मात्र रेक्झिन लागे, ते स्कूटरच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्याकडून. त्याची गुडघ्यापर्यंत नळी, मागे हूक, पुढे पितळी बटणं. एकच रबरी स्लिपर जांभळ्या टोपड्यात शिरली की दरबारी व्हायची, काळ्यात शिरली की साहेबाची, आणि पांढऱ्या कापडावर घुंगरू लावले की गॅदरिंगमधल्या परीची. कपडा बदलला की टोपडं बदलायचं, चप्पल तीच.

याचा खरा फायदा मी उठवला. माझ्याकडे सँडलचा जोड एकच, पण लग्नाकार्याला मी परकर-पोलक्याच्या रंगाचं टोपडं चढवूनच जायचे. मोरपिशी पोलकं तर मोरपिशी पाय. वर्गातल्या मुली विचारायच्या, "तुझ्याकडं सँडल हायत तरी किती गं?" मी खरं सांगायचे, एकच. माझ्यावर कुणीही विश्वास ठेवला नाही. खरं बोलून गर्विष्ठ ठरण्याचा मान मला त्या वयात मिळाला. हल्ली माझी नात पुण्याहून फोटो पाठवते. तिच्या पांढऱ्या बुटांना रोज वेगळ्या रंगाच्या नाड्या, वर फुलाफुलांच्या पिना, ड्रेसला जुळतील अशा. 'आजी, बघ आयडिया!' मी तिला अंगठा पाठवते. काय सांगणार? तिचं इलॅस्टिक मात्र चांगलं असतं, आमचं दोन धुण्यांत लोळायचं.

आबांना टोपड्यांचं कौतुक नव्हतं. त्यांचा आवाज खणखणीत, जीव टोपांवर आणि तलवारींवर. पायांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. आईची मात्र एक गोम होती, जी मला हायस्कुलात जाईपर्यंत कळली नव्हती. तिने स्वतः शिवलेलं एकही टोपडं कधी रंगमंचावर चालताना बघितलं नव्हतं. हंगामात ती मशीनवरून उठायची नाही. कपडे घेऊन आबा जायचे, रंगवायचे, नेसवायचे, आणि पहाटे ट्रंका घेऊन परत यायचे. आईच्या वाट्याला यायची ती घामाने भिजलेली, धुळीने माखलेली टोपडी. ती धुताना विचारायची,

"कशी दिसली ओ?"

"दिसली की."

"म्हंजे कशी?"

"पायात दिसली. आनि कुठं दिसणार, डोक्यावर?"

मग आई टोपडं पिळायची ते जरा जास्तच जोरात.

एका वर्षी आबांच्या मनात काचेचं कपाट घ्यायचं आलं, मुकुट ठेवायला. कपाट ठेवायला जागा एकच, टोपड्यांचा कोपरा. जेवता जेवता त्यांनी जाहीर केलं, "ह्या जत्रा झाल्या की टोपडी बंद. लोकं तोंडाकडं बघत्यात. पायाकडं बघतंय कोण?" मला वाटलं आई आता भांडेल. आईने शांतपणे ताटातली भाकरी संपवली, हात धुतला आणि म्हणाली, "चंदगडकडच्या जत्रंला कधी जायाचं हाय?" आबा म्हणाले, परवा. "मग मी बी येतो. कोण बघतंय आनि कोण न्हाय, ते मीच बघतो की." आमच्याकडच्या बायका 'येतो, जातो' असंच बोलतात, त्यात आईचा 'येतो' असा होता की आबांनी आणखी खर्डा मागितला आणि विषय बदलला. मी हायस्कुलात होते, मला सुट्टी होती. टोपडी चढवायला कुणीतरी हवंच होतं, म्हणून मीही निघाले. आईला त्या जत्रेतून काय हवं होतं ते मला स्वच्छ कळत होतं. तिला एकदा बघायचं होतं, बस.

एसटीच्या टपावर ट्रंका चढल्या, पण टोपड्यांची पिशवी आईने मांडीवरून हलवली नाही. गाडी भरलेली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, पिशवी खाली ठेवा की, उभं राहायला जागा न्हाय. काय हाय त्यात एवढं?" आई म्हणाली, "बादशाचं पाय हायत. जरा सांभाळून." अर्धी गाडी वळून बघायला लागली. पुढे घाट लागला, झाडी दाट झाली, हवेत गारवा आला. मी खिडकीशी, आई मध्ये, आबा कडेला झोपलेले. आई बोटांनी पिशवीवरूनच एकेक जोड चाचपत होती. मला तिचा जरासा राग आला होता, एवढा सुंदर घाट असूनही ती बाहेर बघत नाही म्हणून. वय तसंच होतं.

गाव चंदगडच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. देऊळ चढावर, खाली भाताची कापून मोकळी झालेली खाचरं. त्या गावचं नाटक दुपारी होई, कारण लांबच्या वाड्यांवरची माणसं रानातून चालत यायची आणि त्यांना अंधार पडायच्या आत घरी पोचायला लागायचं. मला ते फार आवडलं, कारण भर उन्हात जर कशी चमकते ते बत्तीच्या उजेडात कधी कळत नाही. नाटक बसवणारा रवळू नावाचा शेतकरी होता आणि तोच बादशहा. दणकट, सावळा, लाजरा माणूस. त्याच्या घरी आम्हाला ओल्या काजूची उसळ आणि उकड्या तांदळाचा भात वाढला. ती उसळ खाऊन आबांनी ठरवलं की कोल्हापूर सोडून इथेच राहावं. हा विचार त्यांच्या मनात प्रत्येक जत्रेला येत असे, जेवण काय असेल त्याप्रमाणे गाव बदलायचं.

रंगमंच देवळासमोर, फळ्यांचा, गुडघाभर उंच. आणि त्याच्या बरोब्बर समोर गावदेवाची, रवळनाथाची पालखी ठेवलेली, कारण नाटक खरं तर देवासाठीच. माणसांनी आजूबाजूला बसून बघितलं तर त्याची हरकत नाही, एवढंच. पालखीच्या डावीकडे बाया, उजवीकडे बाप्ये, सगळे जमिनीवर. आईला 'कोल्लापूरच्या पावण्या' म्हणून अगदी पुढे बसवलं. तिने नवी साडी नेसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. मी तिच्याकडे बघून हात केला आणि मागे रंगवायच्या पडवीत पळाले.

पडवीत मी एकेकाला टोपडी चढवली. ती एक गंमतच असते. रवळू आधी म्हणाला, "आगं पोरी, माज्या पायाला हे कुठलं बसतंय!" मी बंद बांधले. तो उभा राहिला, खाली बघितलं, आणि त्याची चालच बदलली. पाठ ताठ झाली, पाऊल जपून पडायला लागलं. पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो नुसता चालला आणि सरदार झालेले दोघे जण नकळत भिंतीला सरकले. फिरंगी साहेब झालेला पोरगेला गडी गुडघ्यापर्यंतच्या बुटांत टाचा आपटून बघत होता. मला वाटलं, आई, आता बघच तू.

शंख वाजला. देवळातल्या गुरवमामांनी नारळ फोडला. नट रांगेने रंगमंचाच्या पायऱ्यांशी गेले. सगळ्यात पुढे होता साहेब. त्याने वाकून फळीला हात लावला, हात कपाळाला लावला, आणि मग मागचे हूक सोडून दोन्ही बूट काढून बाजूला ठेवले. मागच्या सरदाराने ते बघितलं आणि त्यानेही बंद सोडले. मग दुसऱ्याने. मग रवळूने. समोर देवाची पालखी, पायाखाली पूजा झालेली फळी, तिथे पायात काही घालून चढायचं असं त्यांच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नसतं. आपल्या चपला जशा देवळाबाहेर ठेवतो तशा त्यांनी आईच्या टोपड्यांच्या जोड्या पायऱ्यांशी ओळीने, नीट, टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवल्या आणि वर गेले. मी "अवो, अवो" म्हणेपर्यंत पडदा बाजूला झाला होता.

सिंहासनावर जरीचा झगा, मोत्यांच्या माळा, आणि खाली चिखलणी करून करून भेगाळलेली दोन थोराड पावलं. शेजारी अनवाणी साहेब, हॅट घालून. कुणीही हसलं नाही. गावाला ते बरोबरच वाटत होतं. मी कडेच्या पडद्याच्या फटीतून आईकडे बघितलं. ती मान उंच करून एकेकाच्या पायाकडे बघत होती. एक, मग दुसरा, मग तिसरा. मग तिने मान खाली घातली आणि पदराचं टोक उगाचच सारखं करत बसली. आजही ते लिहिताना मला थांबावंसं वाटतं. मला रडू आलं, आणि ते आवरायचाही मी प्रयत्न केला नाही.

माझ्या शेजारी आबा येऊन उभे राहिले होते. त्यांनी फटीतून बघितलं. खरं म्हणजे त्यांचंच खरं झालं होतं. कपाटाची जागा आयती मोकळी झाली होती. पण आबांचे कान लाल झाले. ते मला म्हणाले, "ते समदं उचल आनि पडवीत घेऊन ये." पहिला अंक संपला तसे ते तरातरा गुरवमामांकडे गेले. हे गुरवमामा म्हणजे काडीसारखे बारीक, पण त्यांच्या शब्दाबाहेर गाव नाही.

"मामा, बादशा अनवाणी? शोभतंय का हे?"

"देवाम्होरं पायताण घालून नाचायचं? जमायचं न्हाय पावणं."

"देव काय म्हणतोय?"

"देव कशाला म्हणंल? मी म्हणतोय की!"

आबांनी माझ्या हातातलं एक टोपडं घेतलं, आतून रबरी स्लिपर खस्सकन ओढून काढली आणि लांब भिरकावली. "हे गेलं पायताण. आता हे ऱ्हायलं ते काय? कापड. तुमच्या पालखीवर काय हाय? कापडच की!" गुरवमामांनी टोपडं हातात घेतलं. उलटं करून बघितलं. वास घेतला. नखाने शिवण चाचपली. "चामडं?" त्यांनी विचारलं. "एवढंबी न्हाय." मग त्यांनी साहेबाचा बूट उचलला. "आनि हे?" आबा जरा अडखळले. "रेक्झिन हाय ते. स्कूटरवर असतंय, बसायला." मामांनी बराच विचार केला. "जनावर मेलं न्हाय न्हवं ह्याच्यापायी?" न्हाय, आम्ही दोघेही एकदम ओरडलो. "मग घाला की. देवाच्या घरात काय कापडाला बंदी हाय व्हय?"

परवानगी मिळाली, पण चप्पल काढल्यावर टोपडं म्हणजे नुसती पिशवी. रवळूने पाय घातला तर पुढचं टोक सपाट होऊन जमिनीला टेकलं. बाहेर ढोलकी वाजून वाजून थकली होती, माणसं हाका मारत होती. पडवीच्या कडेला भाताच्या पिंजराचा, म्हणजे पेंढ्याचा, ढीग होता, गुरांसाठी ठेवलेला. मी मूठभर पिंजर घेऊन टोकात कोंबलं. टोक उभं राहिलं. मग काय, आबा, मी, दोन्ही सरदार, सगळे गुडघे टेकून पिंजर कोंबायला लागलो. "आगं आगं, गुदगुल्या हुत्यात की!" रवळू नाचायला लागला. आबा त्याच्या पोटरीला धरून म्हणाले, "बादशाला गुदगुल्या हुत न्हाईत. गप उभा ऱ्हा." साहेबाचे बूट तर आम्ही गुडघ्यापर्यंत गच्च भरले. तो बिचारा गुडघे न वाकवता चालू लागला, आणि खरं सांगू, त्यामुळे पहिल्यांदाच तो साहेब दिसला.

दुसऱ्या अंकाचा पडदा सरकला. माणसं जमिनीवर बसलेली, फळ्या गुडघाभर उंच. आम्ही घरात बसून वाद घालत होतो, पण ही साधी गोष्ट आमच्या लक्षातच आली नव्हती, की गावच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या पुढ्यात येतात ते नटाचे पाय. तोंड बघायचं तर मान वर करावी लागते. विंगेतून आधी ते वळलेलं जरीचं टोक आलं, उन्हात लखलखलं, आणि मग त्याच्यामागून सावकाश बादशहा आला. बायांच्या बाजूने एक खणखणीत आवाज उठला, "आगं बया! पाय बघ, पाय!" आणि सगळं मैदान पाय बघायला लागलं. रवळूची वाक्यं कुणी ऐकली असतील असं मला वाटत नाही. म्हाताऱ्या पुढे सरकल्या. कुणी बोट करून दाखवत होतं, कुणी कडेची जर कुठून आणली असेल यावर बोलत होतं. साहेब रंगमंचाच्या अगदी कडेला उभा राहिला तेव्हा देवळातली एक शेळी आली आणि त्याच्या बुटातून बाहेर आलेलं पिंजर खायला लागली. तो धमकीची वाक्यं म्हणता म्हणता एकेक इंच सरकत होता, शेळीही सरकत होती, आणि पालखीशेजारी बसलेले गुरवमामा डोळे पुसत हसत होते.

मी आईकडे बघितलं. ती आता गुडघ्यांवर उभी होती. तोंड थोडं उघडं. बादशहा इकडून तिकडे गेला की तिची मान इकडून तिकडे जायची. शेजारच्या बाईने तिला काहीतरी विचारलं. आईने नुसता आपला तळहात आपल्याच छातीवर दोनदा आपटला. मी, मी. त्या बाईने ते पलीकडचीला सांगितलं, तिने मागचीला, आणि बघता बघता बायांची सगळी बाजू रंगमंच सोडून माझ्या आईकडे बघायला लागली. रवळूने तेवढ्यात "खामोश!" म्हटलं, ते नाटकातलं होतं की वैतागून, कुणास ठाऊक. माझ्या आईला मी त्याआधीही आणि नंतरही पुष्कळदा खूश बघितलं. माझ्या लग्नात, नातवंडांच्या वेळी. पण इतकी नाही.

त्या रात्री आई रवळूच्या बायकोशी आणि तिच्या जावांशी टोपडी कशी शिवायची यावर बोलत होती, आणि मला झोप लागली तरी ते चाललंच होतं. सकाळी पहिल्या एसटीला सगळं गाव पोचवायला आलं. गाडीत बसलो, ट्रंका चढल्या, कंडक्टरने घंटी मारायला दोरी धरली, आणि गुरवमामा चढावरून धोतर सावरत धावत आले. खिडकीपाशी येऊन त्यांनी आईच्या हातात सुतळीचा एक तुकडा दिला. दोन्ही टोकांना गाठी. त्यांना धाप लागली होती. "देवाच्या पायाचं माप हाय, आक्का. सकाळी पूजंला घेतलंय. पुढच्या जत्रंला एक जोड करून आणा. कापडाचा. पोशाखाला शोभंल असा." आईने सुतळी दोन्ही हातांनी घेतली. गाडी सुटली.

आईने ती सुतळी बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली. आबा समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत होते. मग म्हणाले, "मखमल घेणार का साटीन?"

"मखमल," आई म्हणाली.

"रंग?"

आई एकदम ताठ झाली. "आगं बाई. देवाचा पोशाख कुठल्या रंगाचा असतोय, ते विचारलंच न्हाय की ओ!"

आबा उठले आणि त्यांनी घंटीची दोरी ओढली. गाडी थांबली. "काय ओ पावणं, काय ऱ्हायलं?" कंडक्टर ओरडला. "देवाला विचारायचं ऱ्हायलंय!" असं म्हणून आबा खाली उतरले आणि बांधावरून सरळ देवळाच्या दिशेने पळत सुटले. गाडीतली माणसं आधी कुरकुरली, मग कशासाठी ते कळल्यावर गप्प झाली. ड्रायव्हरने इंजिनही बंद केलं. चढावरचे आबा छोटे छोटे होत गेले. देवळापाशी हातवारे झालेले दिसले. मग ते उतरायला लागले आणि अर्ध्या वाटेवरून, दोन्ही हात तोंडाशी धरून, त्यांनी त्या खणखणीत आवाजात आरोळी ठोकली, "जांभळाऽऽ! काठ हिरवाऽऽ!"

आईने खिडकीतून कमरेपर्यंत अंग बाहेर काढलं. "वांगी कलर का गडद जांभळाऽऽ?"

आबा जागीच थांबले. त्यांनी कमरेवर हात ठेवले. गाडीकडे बघितलं, देवळाकडे बघितलं, आणि पुन्हा चढ चढायला लागले.